आईचे अठरा लाख, उतरतं व्याज आणि आमचे चेअरमनसाहेब

शेवगा
१४ डिसेंबर २०२५, सकाळी १०.४०

एरवी मी इथे वाचनमात्र. आज अडलंय म्हणून धागा काढतोय, सांभाळून घ्या.

आई ६८ वर्षांची, वाळवा तालुक्यात गावी एकटी असते. बाबांच्या फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे अठरा लाख तिच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत आहेत. २०२३ च्या जूनमध्ये ठेवले तेव्हा पावणेआठ टक्के मिळाले. २९ डिसेंबरला मुदत संपतेय. परवा चौकशीला गेली तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, आता पावणेसात." वर्षाला १,३९,५०० यायचे ते १,२१,५०० येणार. महिन्याला दीड हजार कमी. आईने फोन करून विचारलं, "माझ्या व्याजाला काय झालं रे? मी तर काहीच केलं नाही."

काय सांगणार? रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारीपासून रेपो दर (ती बँकांना कर्ज देते तो दर) साडेसहावरून उतरवत उतरवत या ५ तारखेला सव्वापाचवर आणला. त्याच कपातीने माझं पुण्यातलं गृहकर्ज स्वस्त झालं. एकाच बातमीवर मी खूश आणि आई हवालदिल.

आता मुद्दा. गावातली पतसंस्था ज्येष्ठ महिलांना दहा टक्के देतेय. महिन्याला सरळ पंधरा हजार. पिग्मी एजंट रोज संध्याकाळी दारात येतो, फॉर्मही तोच भरून देणार. चेअरमनसाहेब बाबांच्या दहाव्याला आले होते आणि कावळा शिवेपर्यंत नदीवर थांबले होते. आईच्या लेखी विषय तिथेच संपतो. "विमा आहे, पाच लाखांपर्यंत सरकार देतं," असंही एजंटने सांगितलंय.

मला धाकधूक वाटते, पण आईला पटेल असं कारण सापडत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

पोपटपंची
१४ डिसेंबर, सकाळी ११.०५

दहा टक्के! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

लालशाई
१४ डिसेंबर, दुपारी १.३०

सहकार खात्यात लेखापरीक्षणात हयात गेली, म्हणून चार गोष्टी लिहितो. लांबेल.

आधी विमा. पाच लाखांचं ठेव-विमा संरक्षण बँकांना आहे, त्यात सहकारी बँकाही येतात. ४ फेब्रुवारी २०२० पर्यंत ते एक लाखच होतं. पतसंस्थेला ते लागू नाही. पतसंस्था ही बँक नव्हे, रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी संबंध नाही. एजंटला म्हणावं, विम्याचा कागद दाखव. माझ्या अनुभवात असा कागद निघतो तेव्हा तो तिजोरीतल्या रोकडीचा आणि आगीचा असतो.

दुसरं, देखरेख. राज्यातल्या पतसंस्थेवर सहकार आयुक्त आणि खाली जिल्हा उपनिबंधक. या माणसाकडे दूध संस्था, सोसायट्या, मजूर संस्था, निवडणुका, सगळंच असतं. घटनादुरुस्तीनंतर, म्हणजे साधारण २०१३ पासून, लेखापरीक्षक शासनाच्या नामतालिकेवरचा असतो, पण त्याची निवड संस्थेची सर्वसाधारण सभा करते आणि फीसुद्धा संस्थाच देते. ज्याची तपासणी करायची त्याच्याच घरचा चहा. सगळे विकले जातात असं मी म्हणणार नाही, मी स्वतः काही वाईट अहवाल लिहिलेत. पुढच्या वर्षी त्या संस्थांनी मला बोलावलं नाही, इतकंच.

तिसरं, नवं-जुनं. शेतकरी मंडळींना शब्द माहीत आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थकलेलं कर्ज कागदावर फेडलेलं दाखवायचं आणि एप्रिलमध्ये त्याच माणसाला व्याज धरून नवं द्यायचं. वसुली ९८ टक्के, वर्ग 'अ', सभेत पेढे. पैसा एक रुपयाही हललेला नसतो.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. दहा टक्के द्यायचे तर संस्थेला चौदा-पंधराने कर्ज द्यावं लागतं. आज बँकेत गृहकर्ज आठच्या आत मिळतंय. मग पंधराने कोण घेतो? ज्याची पत चांगली आहे तो दर उतरायला लागले की कर्ज उचलून बँकेत नेतो. मागे उरतो तो, ज्याला बँकेने दारातून परत पाठवलंय. म्हणून व्याजदर उतरणीला लागले की कमकुवत संस्थेचं कर्जखातं आपोआप नासतं. आणि नेमकं तेव्हाच तिला जुन्या ठेवी परत करायला नव्या ठेवी लागतात, त्यामुळे ती दर खाली आणू शकत नाही. बँकेने पाऊण-एक टक्का खाली यावं आणि शेजारच्या संस्थेने जागचं हलू नये, हे मला तरी चांगलं लक्षण वाटत नाही.

---

उगावचा
१४ डिसेंबर, दुपारी ३.१५

लालशाई, मान राखून बोलतो. सगळ्या पतसंस्थांना एकाच काठीने हाकू नका. २०१७ मध्ये मुलीच्या अॅडमिशनला दोन लाख हवे होते. राष्ट्रीयीकृत बँकेने तीन आठवडे सातबारा, आठ अ, ना देय दाखला असं फिरवलं, मग म्हणाले पगारपत्रक आणा. द्राक्षबागायतदाराने पगारपत्रक आणायचं कुठून? आमच्या पतसंस्थेने दोन दिवसांत दिले. मॅनेजरला माझी बागही माहीत, मागच्या वर्षीची गारपीटही. दर साडेतेरा होता, वेळेत फेडलं.

पुण्यात बसून पतसंस्थेला नावं ठेवणं सोपं आहे.

---

लालशाई
१४ डिसेंबर, दुपारी ४.००

उगावचा, तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तुम्ही कर्जदार म्हणून संस्थेचं भलं केलंत आणि संस्थेने तुमचं. पण शेवगाच्या आई कर्ज घ्यायला चालल्या नाहीत, आयुष्यभराची पुंजी द्यायला चालल्यात. एक विचारतो, राग नसावा. त्याच संस्थेत तुमची स्वतःची ठेव किती?

---

उगावचा
१४ डिसेंबर, दुपारी ४.२०

एक लाख. बाकी बँकेत.

(कळलं, कळलं.)

---

चक्रवाढ
१४ डिसेंबर, सायंकाळी ६.१०

एफडी आणि पतसंस्था दोन्ही सोडा. महागाई आणि कर वजा केले तर हाती काय उरतं? अर्धे इंडेक्स फंडात (शेअर निर्देशांकाच्या मागे चालणारा), अर्धे लाँग ड्युरेशन डेट फंडात (लांब मुदतीचे रोखे घेणारा) टाका. व्याजदर उतरतात तेव्हा रोख्यांच्या किमती चढतात. ड्युरेशन (दर हलला की किंमत किती हलते त्याचं माप) सात असेल तर एक टक्का दर उतरला की साधारण सात टक्के भांडवली वाढ.

---

मनीमाऊ
१४ डिसेंबर, सायंकाळी ६.४५

@चक्रवाढ, गणित बरोबर, पण वेळ चुकली. जूनमध्ये रेपो एका फटक्यात अर्धा टक्का उतरला आणि त्यानंतर दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचा दर उतरायच्या ऐवजी चढलाच. बाजाराने कपात आधीच मोजलेली होती. शिवाय १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी उत्पन्नात मिळवून स्लॅबप्रमाणेच कर. आणि ६८ वर्षांच्या बाईला महिन्याला हातात पैसे हवेत, एनएव्ही (फंडाच्या युनिटचा भाव) नको.

डेट फंड म्हणजे एफडीचा भाऊ, असं ज्यांना सांगितलं गेलं त्यांनी २३ एप्रिल २०२० ची रात्र आठवावी. फ्रँकलिन टेम्पलटनने सहा योजना एका फटक्यात बंद केल्या, पंचवीस हजार कोटींच्या आसपास रक्कम अडकली. पुढे पैसे मिळाले हे खरं, पण ज्याला त्या मे महिन्यात हॉस्पिटलचं बिल भरायचं होतं त्याने काय करायचं? त्याच्या महिनाभर आधी येस बँकेचे ८,४१५ कोटींचे एटी-१ रोखे (बँक अडचणीत आली की शून्य करता येणारे) शून्य झाले होते. ते रोखे बँकेच्या ग्राहकांना सुरक्षित ठेवीसारखे म्हणून खपवले, असा ठपका ठेवून सेबीने २०२१ मध्ये दंड केला. देखरेख झाली, पण वरात निघून गेल्यावर.

माझ्या घरची गोष्ट. वडिलांची एफडी संपली तेव्हा बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने (बँकेचं नाव घेत नाही) "दर उतरलेत काका, यात घाला" म्हणून ७३ व्या वर्षी त्यांच्या गळ्यात युलिप (बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी) मारली. काका म्हणाला, पाया पडला, मिठाई आणली. वडिलांना वाटत होतं की एफडीच नवी केली. फ्री लूकची (पॉलिसी परत करायची) मुदत संपल्यावर मला पत्ता लागला. तेव्हा शेवगा, घरी येऊन गोड बोलणारा माणूस फक्त पतसंस्थेचाच असतो असं नाही.

---

नीरफणस
१४ डिसेंबर, रात्री ९.००

आमच्या गोव्यातही हेच. म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये गेला, मडगाव अर्बनचा २०२१ च्या जुलैत. दोन्ही गावातल्या ओळखीच्या माणसांनी चालवलेल्या, लग्नाला-मयताला येणाऱ्या. पण त्या निदान बँका होत्या, पाच लाखांची तरी हमी होती.

---

ह्यूस्टनकर
१४ डिसेंबर, रात्री ११.५०

भारतातली देखरेख ढिली, परदेशात सगळं चोख, असा सूर धाग्यात येण्याआधीच लिहितो. अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक आठवा. ठेवीदारांचा पैसा त्यांनी व्याज तळाला असताना दीर्घ मुदतीच्या रोख्यांत घातला. मार्च २०२२ पासून फेडने (तिथली रिझर्व्ह बँक) दर शून्याजवळून वर्षभरात साडेचारच्या वर नेले, रोख्यांच्या किमती कोसळल्या. ९ मार्च २०२३ ला एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढायला लोक धावले, दुसऱ्या दिवशी बँक बंद. तिच्या आकाराच्या बँकांवरचे कडक नियम २०१८ मध्ये सैल केले होते. नंतर फेडच्याच अहवालात कबुली आली की तपासनिसांना दोष दिसले होते, पण वेळेवर चाप लावला नाही.

गंमत अशी की तिथे दर चढताना बँक बुडाली आणि लालशाई सांगतात ते दर उतरताना होतं. दर कुठल्याही बाजूला हलोत, ज्याच्या वहीत पोकळी आहे तोच बसतो.

---

शेवगा
१५ डिसेंबर, सकाळी ९.२०

सर्वांचे आभार. एजंटला विम्याचा कागद मागितला. लालशाईंचा अंदाज तंतोतंत! रोकड आणि आग. वर त्याचा स्वतःचा अपघात विमा. तो बिचारा मनापासून समजत होता की तोच ठेवींचा आहे.

पण आईचं म्हणणं: "बँकासुद्धा बुडतातच की. मग दहा टक्के देणारी का नको?" याला काय उत्तर?

---

लालशाई
१५ डिसेंबर, दुपारी १२.१०

आईंचा प्रश्न चोख आहे. बँका बुडतातच. पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेची थेट नजर होती, तरी २१ हजारांवर बोगस खात्यांआड एका बिल्डर समूहाची कर्जं लपवली गेली. सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एकट्या त्या घरात. सप्टेंबर २०१९ मध्ये पहिल्या दिवशी ठेवीदाराला सहा महिन्यांसाठी हजार रुपये काढायची मुभा दिली होती. यंदा फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्हच्या तिजोरीतच १२२ कोटी कमी निघाले. कर्जाची लबाडी पकडायला कठीण असते हे मी समजू शकतो, पण तिजोरीतल्या नोटा मोजायला काय लागतं? मी तरुणपणी शाखेत गेलो की पहिलं काम नोटांची बंडलं सोडून मोजायचं. लोक हसायचे.

पण बुडाल्यानंतरचा फरक बघा. न्यू इंडिया ऑगस्टमध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली, ठेवीदार मार्गी लागले. पीएमसीवाल्यांना पाच लाखांपर्यंतचे मिळाले, वरच्यांना हप्त्या-हप्त्याने दहा वर्षांपर्यंत थांबायचंय. २०२१ च्या दुरुस्तीमुळे निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. पतसंस्थेत यातलं काहीच नाही. आहे तो ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा एमपीआयडी कायदा: गुन्हा, अटक, मालमत्ता जप्त, लिलाव, कोर्ट. जळगावच्या बुडालेल्या बीएचआर पतसंस्थेच्या ठेवीदारांना विचारा. आणि संस्था मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) असेल तर तिचा निबंधक दिल्लीत, म्हणजे जिल्हा उपनिबंधकही हात वर करतो. बीडच्या बुडालेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये बारा ते चौदा टक्क्यांचं आमिष होतं. तुमची संस्था कोणत्या कायद्याखाली नोंदली आहे ते पावतीवरच असतं, बघा.

आता आईंना हे सांगा. त्यांना ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आज ८.२ टक्के मिळतात. अठरा लाखांवर वर्षाचे १,४७,६००. पतसंस्थेत १,८०,०००. फरक ३२,४००. अठरा लाख बुडाले तर त्या जास्तीच्या व्याजातून मुद्दल भरून यायला साडेपंचावन्न वर्षं लागतील. तोवर त्या १२३ वर्षांच्या होतील. शतायुषी होवोतच, पण हा हिशेब फार लांबचा आहे.

---

पोपटपंची
१५ डिसेंबर, दुपारी १२.२५

दंडवत घ्या लालशाई. वाखू (वाचनखूण) साठवली.

---

टपालवाली
१५ डिसेंबर, रात्री ८.३०

दिवसभर काउंटरवर असते, म्हणून उशीर.

शेवगा, ८.२ म्हणजे तुमच्या जुन्या पावणेआठपेक्षाही जास्त, हे लक्षात आलं का? २०२३ च्या एप्रिलपासून हाच दर आहे आणि मर्यादाही तेव्हाच पंधरावरून तीस लाख झाली. म्हणजे तुम्ही एफडी केली तेव्हाच आई इकडे येऊ शकत होत्या. पोस्टातच यायला हवं असंही नाही, त्यांच्या त्याच राष्ट्रीयीकृत बँकेत हे खातं उघडतं. काउंटरवर आपणहून कोणी सांगत नाही, कारण तो पैसा बँकेचा राहत नाही, सरकारकडे जातो.

दर उघडल्या दिवशीचाच पाच वर्षं राहतो, पुढे रेपो कितीही उतरो. व्याज तिमाहीला, त्यांना ३६,९०० येतील. एक लाखाच्या वर भरायचे ते चेकनेच. व्याज लाखाच्या पुढे जातंय म्हणून टीडीएस कापला जाईल, दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर दर एप्रिलमध्ये १५एच (कर कापू नका असा फॉर्म) द्या. वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत घेतात, दोन वर्षांच्या आत मोडलं तर मुद्दलातून दीड टक्का, पुढे एक टक्का. म्हणून सगळे अठरा घालू नका, अडीच-तीन लाख एफडीत मोकळे ठेवा.

रिझर्व्ह बँकेचे तरत्या व्याजाचे रोखेही ८.०५ देतात, पण ते एनएससीच्या (राष्ट्रीय बचत पत्र) दराला बांधलेले आहेत. एनएससी अधिक ०.३५, दर सहा महिन्यांनी बदल, मुदत सात वर्षं. दर उतरणार असं वाटत असेल तर बांधलेला दर बरा.

---

चक्रवाढ
१५ डिसेंबर, रात्री ९.१०

रेपो सव्वा टक्का उतरला आणि अल्पबचतीचे दर जागचे हलले नाहीत, हे किती दिवस चालणार?

---

टपालवाली
१५ डिसेंबर, रात्री ९.४०

सूत्राप्रमाणे दर तिमाहीला सरकारी रोख्यांच्या परताव्याशी जुळवायचे असतात. प्रत्यक्षात काय होतं ते आम्ही काउंटरवर पाहिलंय. ३१ मार्च २०२१ ला संध्याकाळी आदेश आला: पीपीएफ ७.१ वरून ६.४, ज्येष्ठांची योजना ७.४ वरून ६.५. रात्रभर फोन. सकाळी अर्थमंत्र्यांचं ट्विट, आदेश नजरचुकीने निघाला, मागे घेतलाय. त्या दिवशी बंगाल-आसामात मतदान होतं. १ एप्रिल असल्यामुळे निम्म्या ग्राहकांना मागे घेतल्याचीच बातमी खोटी वाटली.

पुढचा आढावा ३१ डिसेंबरला आहे. तुमची एफडी २९ ला सुटते. दोन दिवस हातात आहेत, ते घालवू नका.

---

शेवगा
३० डिसेंबर, दुपारी ४.३०

अपडेट. काल रजा टाकून गावी आलो. एफडी सुटली, त्याच शाखेत ज्येष्ठ नागरिक योजनेचं खातं उघडलं. पंधरा लाख तिथे, तीन लाख एक वर्षाच्या एफडीत. काउंटरवरच्या मुलीला फॉर्म कुठे ठेवलेत ते शोधायला वीस मिनिटं लागली. पावती हातात पडेपर्यंत आई खुर्चीवरून हलली नाही.

साडेपंचावन्न वर्षांचा हिशेब ऐकून ती आधी हसली, मग गप्प झाली. नंतर म्हणाली, "चेअरमनसाहेबांना काय तोंड दाखवू?" शेवटी त्यांच्याकडे तीच गेली, मला बरोबर येऊ दिलं नाही. काय बोलली माहीत नाही. परत आली ती पिग्मीचं नवं पासबुक घेऊन, रोजचे पन्नास रुपये. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "एवढे बुडाले तर बुडू देत. कावळा शिवेस्तोवर थांबला होता माणूस."

---

लालशाई
३० डिसेंबर, सायंकाळी ५.१५

उत्तम केलंत. पन्नास रुपयांबद्दल माझी हरकत नाही.

फक्त एजंटच्या मशीनमधून रोज निघणारी चिठ्ठी फेकू नका म्हणावं. महिन्याच्या अखेरीस संस्थेत जाऊन तिथल्या वहीशी तेवढी ताडून बघायला सांगा. पिग्मीतला पैसा बहुतेक वेळा संस्थेत बुडत नाही, वाटेतच जिरतो.